भीतीची हजेरी

वृंदा, तू गेल्यापासून मला जिना चढायची भीती वाटते. आपल्या मस्कतमधल्या, अल खौदच्या बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याचं वळण आलं की माझे पाय आपोआप थांबतात. तिथे तू थांबायचीस. पर्समध्ये किल्ली शोधायचं नाटक करायचीस आणि किल्ली दुसऱ्या हातात असायची. मी एक पायरी खाली उभी राहून तुझा श्वास ऐकायचे. "या पर्समध्ये हत्ती हरवेल गं," तू म्हणायचीस, आणि मी "हो ना" म्हणायचे. शेजारणी-शेजारणींत एवढं खोटं चालतं.

आता तिथे कोणी नसतं, तरी मला श्वास ऐकू येतो. तो माझाच आहे हे कळेपर्यंत मी कठडा घट्ट पकडलेला असतो. मग तो न सोडता उरलेल्या पायऱ्या चढते, तुझ्या दाराकडे न बघता समोरचं माझं दार उघडते आणि घरातले सगळे दिवे लावते. भर दुपारी.

हस, हस. भित्री भागूबाई हे नाव मला तूच दिलंस, आणि पुढे तर नुसतं "भागू" राहिलं. माझं नाव शैला आहे हे तुझ्या सतीशरावांनाही बरंच उशिरा कळलं असेल. तसं तू खोटं काही म्हणत नव्हतीस. मला लिफ्टची भीती, रस्त्यावर मध्येच उभ्या राहणाऱ्या उंटाची भीती, सोहारच्या कारखान्यातून नवऱ्याची, अशोकची गाडी यायला उशीर झाला की त्याची भीती. शाळेत पहिलीच्या चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी, घरी फोन वाजला की आधी देवाचं नाव घेते. पण ही सगळी भीती मी तुझ्या जिवावर बाळगत होते गं. समोरच्या दारात तू होतीस. आता नुसती भीती उरली आहे आणि ती कोणाच्या जिवावर बाळगायची ते कळत नाही.

इथल्या मराठी मंडळाने तुझी शोकसभा घेतली. फोटो, हार, उदबत्ती, सगळं रीतसर. एकेक जण उठून बोलला आणि सगळ्यांचा सूर एकच. वृंदाताई म्हणजे धैर्याची मूर्ती. "भीती हा शब्द त्यांच्या कोशातच नव्हता," असं एक गृहस्थ म्हणाले आणि खाली बसून रुमालाने चष्मा पुसू लागले. मला वाटलं, उठावं आणि त्यांच्यासमोरचा माइक ओढून घ्यावा. तुझ्या कोशात भीती नव्हती? अहो, तिच्या कोशात दुसरं होतं काय! सात वर्षं तिने टीमच्या पोरांना त्या एकाच शब्दावर पोसलं. पण मी उठले नाही. मला माइकचीही भीती वाटते.

केतकी माझ्या शेजारीच बसली होती. घरी आल्यावर तिने बाल्कनीत वाळत टाकलेले गोलकीपरचे पॅड उचलले आणि स्टुलावर चढून कपाटाच्या वर ढकलून दिले.

"आई, फ्रायडेची मॅच मी नाही खेळणार. ग्रँटला तू फोन कर."

"मी कशाला करू? तुझा कोच आहे. आणि का नाही खेळणार?"

"आंटी वॉज फिअरलेस. सगळे तेच बोलले." तिचं मराठी तुला माहीतच आहे, शब्द शोधत, धडपडत येतं. "मी नाहीये तशी. मला वाटायचं, ती शिकवते ना, तर मी होणार तशी. एक दिवस. पण मला अजून... आई, मला पोटात होतं. प्रत्येक वेळी. मग काय यूज?"

वृंदा, मी या दिवसासाठी सात वर्षं नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला होता. पोरगी आपणहून म्हणते आहे की ती गोलात उभी राहणार नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला उलटाच परिणाम. मी इतकी घाबरले की स्टुलावर बसले.

सुरुवात आठवते? नव्वदचं दशक संपत आलेलं. बाहेर डांबर पघळेल असं ऊन आणि आत, एका मोठ्या शेडमध्ये, पांढराशुभ्र बर्फ. मस्कतमध्ये बर्फावरची हॉकी! केतकी नऊ वर्षांची, वर्गातल्या कोणा मुलीच्या वाढदिवसाला तिथे गेली आणि तिथलीच होऊन बसली. मला एकटीने हमरस्त्यावर गाडी चालवायची भीती, म्हणून मी तुला सोबत न्यायला लागले. एवढ्यासाठीच तू त्या रिंकवर आलीस, दुसरं काही कारण नव्हतं. पुण्याच्या कॉलेजातली मानसशास्त्राची नोकरी सोडून, नवऱ्याच्या मागे डिपेंडंट व्हिसावर आलेली बाई. दुपारी झोपायचं नाही असा तुझा पण आणि करायला काही नाही.

पहिल्या दिवशी तू कुडकुडलीस आणि दुसऱ्याच दिवशी आपण मत्रहच्या बाजारात स्वेटर शोधायला गेलो. जून महिना. ते रत्नागिरीकडचे इस्माईलभाई आपल्याकडे बघतच राहिले. "ताई, माणसं माझ्याकडं मलमल मागतात, तुम्ही स्वेटर? बऱ्या हाव ना?" त्यांनी माळ्यावरून काढून दिलेला तो विटकरी स्वेटर तू शेवटपर्यंत माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलास. पुढच्या महिन्यात त्यांचा मुलगा फैजानही टीममध्ये आला. स्वेटर कशाला लागतो ते बघायला इस्माईलभाई आले होते म्हणे.

तू मात्र बर्फावर पाऊल ठेवलं नाहीस. कडेच्या रबरी चटईवर, सपातांत मोजे घालून, शाल गुंडाळून उभी. "हाडं मोडली तर सतीशला वरणभात तरी लावता येतो का?" म्हणायचीस.

मग दुबईच्या टीमने आपल्या पोरांना धुऊन काढलं तो दिवस. मध्यंतरात ग्रँट त्यांना सांगत होता, टफ व्हा, टफ व्हा. भला माणूस. तेलकंपनीतली नोकरी सांभाळून पोरांना फुकट शिकवायचा. पण त्याचा आवाज चढला की पोरं आणखी आक्रसत होती. तू दारातून म्हणालीस, "त्यांना विचार ना, कशाला घाबरताय." त्याने विचारलं. सगळ्यांनी इंग्रजीत एकच उत्तर दिलं, नर्व्हस. तू मान हलवलीस. "असं नाही. घरी ज्या भाषेत रडता त्या भाषेत सांगा. आम्हाला नाही कळलं तरी चालेल."

तो केरळचा जोजी आधी बोलला. मल्याळममध्ये, बराच वेळ, शेवटी रडला. कोणाला काही कळलं नाही. मग सालिम अरबीत बोलला, भिंतीकडे तोंड करून. मॅच आपण हरलोच, पण उरलेला वेळ पोरं उभी राहून हरली. ग्रँटने जाताना तुला विचारलं, पुढच्या शुक्रवारी याल का?

तेव्हापासून तुझी ती हजेरी सुरू झाली. मॅचच्या आधी, कपडे बदलायच्या खोलीत, कॉलेजातल्या बाईंच्या आवाजात एकेकाचं नाव. उत्तरात "हजर" म्हणायचं नाही, आपली भीती सांगायची, आपल्या घरच्या भाषेत. कोणी हसायचं नाही, कोणी अर्थ विचारायचा नाही आणि खोलीतलं खोलीबाहेर न्यायचं नाही. मी बाहेर दाराशी उभी राहून त्या चार भाषांची कुजबुज ऐकायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

यावरून आपण किती भांडलो! माझी आई कोकणातल्या घरात तिन्हीसांजेनंतर साप म्हणायची नाही. "लांबडं" म्हणायची. नाव घेतलं की येतो. मी तुला म्हणाले, "तू पोरांना भीती शिकवतेस. ज्याला सुचत नव्हतं त्यालाही सुचेल." तू चहाच्या कपात बिस्किट बुडवत म्हणालीस, "आणि लांबडं म्हटल्यावर तुमच्याकडे तो चावायचा थांबला का?" मी म्हणाले, तुला नाही कळायचं, तुला मूल नाही. ते बोलून मी जीभ चावली. तू बिस्किट खाल्लंस, कप ठेवलास आणि म्हणालीस, "म्हणून तर मला बघवतं, भागू. तुला बघवत नाही."

आणि खरंच मला बघवत नव्हतं. केतकीने सगळं सोडून गोलकीपर व्हायचं ठरवलं. पहिल्याच मॅचला तो पक, म्हणजे ती काळी, दगडासारखी चकती, तिच्या मुखवट्यावर ठण्णकन आपटली. तो आवाज माझ्या दातांत गेला. मी उठले, बाहेर पळाले आणि गाडीत जाऊन बसले. काचा वर, एसी सुरू. त्यानंतर सात वर्षं मी माझ्या मुलीची एकही मॅच पाहिली नाही. प्रत्येक शुक्रवारी पार्किंगमध्ये बसून राहिले. मध्यंतरात तू यायचीस आणि काचेवर टकटक करायचीस. मी काच खाली केली की माझ्या तोंडाकडे नीट बघायचीस, "दोन-एक, आपण मागे," असलं काहीतरी सांगायचीस आणि लगेच वळायचीस. मला वाटायचं, ही टोचायला येते. उन्हातून, स्वेटर घालून, धापा टाकत.

त्या काळात आपल्या मजल्यावरचा पॅसेज म्हणजे तुमचं मैदान होतं. तू सतीशरावांच्या मोज्यांचे बोळे करून केतकीच्या तोंडावर फेकायचीस. ती डोळे मिटायची आणि मिटले म्हणून स्वतःवर चिडायची. "मिटू देत," तू म्हणायचीस, "डोळे मिटले तरी चालतील, जागा सोडायची नाही. आधी पाय शिकतात. डोळे मागून शिकतात." मी दारातून ओरडायचे, मोजे धुतलेले तरी आहेत का!

मग तुझे पाय थांबायला लागले, जिन्यात. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झाली आहे, ऑपरेशन करा, लवकर करा. तू मुंबईला भावाकडे जाऊन करायचं ठरवलंस आणि मग ढकलत राहिलीस. आधी पोरांच्या परीक्षा, मग अल ऐनची स्पर्धा. सतीशरावांना हसून टोलवलंस. मला टोलवता येईना, तेव्हा चिडायला लागलीस.

"घाबरली आहेस तू," मी म्हणाले.

"मी? मी कशाला घाबरू? रोज हजारो होतात असली ऑपरेशनं."

"मग सांग ना. हजेरी देऊन दाखव. घरच्याच भाषेत सांगायचं आहे, मला कळेलही."

"शैला, पुरे." तू मला शैला म्हणालीस तेव्हा मला तुझ्या आजाराची खरी भीती वाटली.

सीबच्या विमानतळावर मी शेवटचा प्रयत्न केला. तू दाराच्या आत जायच्या बेतात होतीस, सतीशराव सामानाच्या गाडीशी झटत होते. मी माझ्या शाळेच्या आवाजात हाक मारली. "वृंदा?" तुला बरोबर कळलं होतं मी काय विचारते आहे. क्षणभर तुझा चेहरा हलला. मग तू पोरीसारखे हात सरळ खाली सोडलेस, टाचा जुळवल्यास आणि म्हणालीस, "हजर, बाई!" आजूबाजूचे लोक हसले. तूही हसलीस आणि आत गेलीस. मी गाडीत येऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले, रागाने. त्या हजेरीत हजर हे उत्तर नसतं, हा नियम कोणी केला होता?

ऑपरेशन झालं. तू शुद्धीवर आली नाहीस. एवढंच अशोकने मला सांगितलं, कारण फोन मी उचललाच नव्हता.

शोकसभेनंतर दोन दिवसांनी मुंबईहून सतीशरावांचा फोन आला. तो मी उचलला. ते तुझ्याबद्दल कमी आणि इकडच्या घराबद्दल जास्त बोलत होते, फ्रिज, भाडं, तुझ्या कुंड्या. ठेवता ठेवता म्हणाले, "वहिनी, एक विचारायचं होतं. ऑपरेशनला आत नेताना ती एक वाक्य बोलली. मला अर्थ लागत नाही. म्हणाली, भागूला सांग, एअरपोर्टवर मी खोटी हजेरी दिली."

मी फोन ठेवला की तसाच धरून राहिले, आठवत नाही. वृंदा, तुझा राग आला, आणि त्याच श्वासात मला तुला कवेत घ्यावंसं वाटलं. तू घाबरली होतीस. शेवटी तू ते म्हणालीस, मराठीतून, एका माणसाजवळ का होईना. आणि मला निरोप ठेवलास. पण हा निरोप घेऊन मी काय करायचं होतं?

गुरुवारी ग्रँटचा फोन. पोरांना हजेरी हवी आहे, हजेरीशिवाय बर्फावर उतरणार नाहीत म्हणतात, तुम्ही टीचर आहात ना? मी नाही म्हणाले. मग केतकी दारात येऊन उभी राहिली. "तू घेणार तर मी येते. खेळणार नाही, पण येते."

मी जेवले नाही. मला एकच प्रश्न खात होता. खोली तुझी, हजेरी तुझी, मग नावं घेता घेता शेवटी तुझं नाव येणार. ते नाव टाळलं तर ती पोरं विचारणार. आणि घेतलं तर उत्तर काय द्यायचं? शोकसभेतल्या त्या मूर्तीला पोरं धरून आहेत. ती मूर्ती ऑपरेशनच्या दाराशी घाबरली होती हे सांगितलं आणि त्यांचे गुडघे मोडले तर? जी बाई भीतीची मास्तरीण, तीच शेवटी घाबरली, मग आमचं काय, असं वाटलं तर? अशोक म्हणाला, "कशाला सांगतेस? चांगलं आठवू दे त्यांना." माझ्या आईनेही हेच सांगितलं असतं. लांबडं म्हण आणि पुढे हो.

शुक्रवारी मी तुझा विटकरी स्वेटर घातला. माझ्या मापाचा नाही, बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. घामाचा आणि ओल्या चामड्याचा काय तो वास! आणि पोरं केवढी झाली आहेत गं, दारातून दिसायची त्याहून मोठी. जोजीला मिशा आल्या आहेत. केतकी कोपऱ्यात, साध्या कपड्यांत, पॅडची बॅग पायाशी. बॅग आणली होती, हे मी पाहिलं आणि काही बोलले नाही.

"सालिम?" त्याने अरबीत सांगितलं, शेवटी "इन्शाल्ला" एवढंच मला कळलं. "जोजी?" त्याने अजूनही बराच वेळ घेतला. "फैजान?" तो मान खाली घालून म्हणाला, "अब्बा दुकान बंद करून गावाला जायचं बोलतात. तिकडं बर्फ नाय." तुला सांगायला हरकत नाही, तू तर आतलीच. बाकीचेही बोलले. "केतकी?" ती गप्प. मी परत नाव घेतलं नाही, कारण तूही परत घेत नसायचीस, हे मी दाराशी उभी राहून ऐकलं होतं.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. दार माझ्या मागेच होतं, गाडी बाहेर उभी होती, किल्ली स्वेटरच्या खिशात होती.

"वृंदा?" मी म्हणाले.

मी मराठीतच सांगितलं, कारण नियम तुझाच. "वृंदा घाबरली होती. ऑपरेशनच्या आधी ती खूप घाबरली होती. मला तिने आधी खोटं सांगितलं, मग आत जाताना खरं सांगितलं. आणि ती आत गेली." फैजान आणि केतकी सोडून कोणाला शब्द कळले नसतील. पण तुझं नाव आणि माझा चेहरा बघून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. जोजीने कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली.

केतकी उठून उभी राहिली होती. "आंटी? आंटी घाबरली?"

"हो."

"खरंच? म्हणजे पोटात वगैरे?"

"ते मला माहीत नाही, बाळा. पण घाबरली होती."

तिने नाक पुसलं. मग खाली बसून बॅगेची चेन उघडली आणि एक पॅड पायाला बांधायला घेतला. पट्टे आवळता आवळता, वर न बघता, ती म्हणाली, "माझं राहिलं. मला पकची नाही वाटत भीती. म्हणजे वाटते, पण ती नाही सांगत मी. मी नेहमी... लहान असल्यापासून सेम सांगते. आई गाडीत असते. एसी लावून, काचा बंद करून. तिला झोप लागली आणि काही झालं, आणि मी इकडे खेळते, आणि मला कळणारच नाही. म्हणून आंटी जाऊन बघून यायची. मग मला थम्ब दाखवायची."

वृंदा, तुला हे सात वर्षं माहीत होतं! मी तुला सात वर्षं चहा पाजला, माझ्या दारात, माझ्या कपात, आणि तू खोलीतलं खोलीबाहेर काढलं नाहीस. धापा टाकत पार्किंग ओलांडायचीस, काचेवर टकटक करून माझं तोंड बघायचीस, मी जिवंत आहे का ते बघायला. आणि मी तुला गोल किती झाले ते विचारायचे. तुझ्याशी या गोष्टीवरून आता भांडायचं कसं? आणि तुझे उपकार मानायचे तरी कोणत्या तोंडाने?

मी गाडीकडे गेले नाही. केतकीच्या गोलामागे, काचेला लागून एक जागा आहे, जिथे तुझी रबरी चटई संपते. तिथे जाऊन उभी राहिले. आत माझी मुलगी, सोळा वर्षांची, पाठमोरी, रुंद, मला अनोळखी वाटावी अशी. समोरून ती सगळी पोरं वाऱ्यासारखी येत होती. दर वेळी मला वाटायचं, आता संपलं. देवाचं नाव घ्यायलाही मध्ये फट मिळत नव्हती.

मग एक पक तिच्या खांद्यावरून निसटला आणि थेट माझ्या तोंडासमोर काचेवर आदळला. तोच आवाज. ठण्ण. माझ्या दातांत, मस्तकात, पोटात. मी किंचाळलेसुद्धा, असं इस्माईलभाई नंतर म्हणाले. डोळे गच्च मिटले आणि उघडायचं धाडस होईना.

अंधारात मला टकटक ऐकू आली. दोनदा, काचेवर. केतकी मागे वळून स्टिकच्या टोकाने काच वाजवत होती आणि मुखवट्यातून माझ्या तोंडाकडे नीट बघत होती. मी तिला अंगठा दाखवला. ती वळली.

आपण हरलो. कितीने, ते मला नीट सांगता येणार नाही, कारण पुढेही बराच वेळ माझे डोळे मिटलेलेच होते. पण मी तिथून हलले नाही, शेवटची शिट्टी होईपर्यंत. परत येताना जिन्याच्या वळणावर श्वास ऐकू आला, माझाच होता, आणि मी घाबरलेच. आज लिहितानाही घाबरलेलीच आहे.

पाय शिकले गं, वृंदा. डोळ्यांचं बघू.